केंद्र आधी की कुलूप आधी

ती माझ्या डोक्यावर राहते. म्हणजे मी तळमजल्यावर आणि ती बरोबर माझ्या वर. तिच्या घरात चमचा पडला तरी मला ऐकू येतो. मी शिवणकाम करते, दिवसभर घरातच असते, त्यामुळे वरच्या पावलांवरून कोण आलं, कोण गेलं, हे मला न बघता कळतं.

इमारतीत तिला सगळे फोनताई म्हणतात. उभं आयुष्य तिने फोनवर बोलण्याची नोकरी केली. आधी एका कारखान्यात, नंतर पक्षाच्या कार्यालयात. आवाज असा, की भांडायला फोन केलेला माणूसही शेवटी "बरं, बरं, बघा तुम्ही" म्हणून फोन ठेवायचा. प्रत्यक्षात बाई महाभित्री. घरात पाल दिसली की जिन्यावरून हाक यायची, "वहिनी, झाडू घेऊन या!" नवरा लवकर गेला. एक मुलगी, तिला दीड वर्षाचा मुलगा. जावई दूर कामाला, म्हणून मुलगी आणि नातू हिच्याकडेच.

ती निवडणूक तूट या एका शब्दावर लढली गेली. सरकारकडे येतं कमी आणि जातं जास्त, मधलं भगदाड म्हणजे तूट, हे मला फोनताईनेच समजावलं होतं. तिच्या पक्षाने भिंतीभिंतीवर लिहिलं होतं, "तूट बुजवू, कुणालाही न दुखवता." नवा कर नाही, कुणाची नोकरी जाणार नाही, फक्त उधळपट्टी बंद.

मी म्हटलं, "अगं, माझ्याकडे कधी कधी असलं गिऱ्हाईक येतं. म्हणतं, या कोटातून मुलाचं जाकीट काढा, पण कोट आखूड व्हायला नको."

ती हसली. "वहिनी, तुम्हाला राजकारणातलं काही कळत नाही. मोठमोठ्या माणसांनी बसून हिशेब केलाय."

तिचा विश्वास होता. आणि खरं सांगायचं तर माझाही निम्मा होताच. मत मीही त्यांनाच दिलं.

फोनताईच्या टेबलावर लोकांच्या प्रश्नांची तयार उत्तरं ठेवलेली असायची. ती गोड आवाजात वाचून दाखवायची. एका दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थाचा फोन आला. त्यांची मुलगी टेकडीवरच्या घरात होती. मनाचा आजार जडलेल्या, वर्षानुवर्षं बऱ्या न झालेल्या माणसांना सरकार तिथे सांभाळायचं. त्याला सगळं शहर टेकडीवरचं घर म्हणायचं. पक्षाच्या योजनेत लिहिलं होतं, की अशी मोठी घरं बंद करून त्या माणसांना कुटुंबात परत पाठवायचं आणि त्यांच्यासाठी गल्लोगल्ली छोटी केंद्रं उघडायची. औषध, परिचारिका, सगळं घराजवळ.

फोनताईने उत्तर वाचलं. "कुणालाही वाऱ्यावर सोडलं जाणार नाही."

म्हातारे म्हणाले, "ते ठीक आहे हो बाई. मला एवढंच सांगा, केंद्र आधी उघडणार की टेकडीवरच्या घराला कुलूप आधी लागणार?"

उत्तरांत ते नव्हतं. ती म्हणाली, "विचारून सांगते."

तिने खरंच विचारलं. योजनेचा हिशेब केलेले अर्थतज्ज्ञ त्याच कार्यालयात वरच्या खोलीत बसायचे. माणूस वाईट नव्हता. जाता-येता तिची विचारपूस करायचा. ते म्हणाले, "दोन्ही एकदमच होईल. इकडचे पैसे वाचतील, त्यातूनच तिकडचं उभं राहील."

"पण साहेब, वाचलेले पैसे तर तुटीत घालायचेत ना? मग केंद्रांना कुठून?"

त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मायेनेच विचारलं, "तुम्ही एवढ्या घाबरलात का? तुमचं कुणी आहे का तिथे?"

"नाही हो. फोन आला होता, म्हणून विचारलं."

त्या संध्याकाळी ती स्वतःच्या घरी न जाता माझ्या दारात उभी राहिली. शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि हात मांडीखाली दाबून धरले. मग म्हणाली, "वहिनी, माझा मोठा भाऊ आहे तिथे."

इतकी वर्षं आम्ही एका इमारतीत राहिलो, मला पत्ता नव्हता. दर रविवारी ती आजारी मैत्रिणीला भेटायला जाते एवढंच मला माहीत. आजारी मैत्रीण म्हणजे दादा.

तरुणपणी त्याच्या मनाने घेतलं, की आईची जागा दुसऱ्याच बाईने घेतली आहे. चेहरा तोच, आवाज तोच, पण बाई दुसरी. खोटी बाई पळून जावी आणि खरी आई परत यावी म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या पडद्याला काडी लावली आणि तिला आत कोंडून बाहेरून कुलूप घातलं. आई वाचली, पण डावा हात कायमचा आखडला. फोनताई तेव्हा कॉलेजात होती. दार तिनेच फोडलं.

"तो बाहेर बसून रडत होता, वहिनी. आपण आईला वाचवतोय असंच वाटत होतं त्याला. म्हणून तर मला त्याचा राग येत नाही. पण भीती जात नाही. आजही तो पाण्याचा पेला उचलतो ना, तरी माझं लक्ष त्याच्या हाताकडेच असतं." मुलीला तिने सांगितलं होतं, आजीचा हात स्टोव्हच्या भडक्याने भाजला.

पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले. लांबलचक व्हरांडा, रांगेने पलंग, मागे वेताच्या खुर्च्या विणायची शेड. दादा तिथे बसून खुर्ची विणत होता. पांढरे केस, नीट भांग, फोनताईसारखंच नाक. इतका शांत माणूस, की मला आपल्याच धास्तीची लाज वाटली. त्याला गोळ्या द्यायला एक जाडजूड सिस्टर आली. ती म्हणाली, "चला राजे, नजराणा आलाय." त्याने हसून तोंड उघडलं. गोळ्या एक दिवसही चुकून चालत नाहीत आणि त्यांच्यासाठी दर महिन्याला रक्त तपासावं लागतं, हे सिस्टरनेच मला सांगितलं.

बागेत दोन माणसं फीत लावून जमीन मोजत होती. दादा त्यांच्याकडे पाहत म्हणाला, "भिंतीची मापं घेतली, विहिरीची घेतली, झाडांचीसुद्धा मोजणी केली. माझं माप कुणी घेत नाही. म्हणजे मीच जायचोय."

फोनताईने माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला.

पक्ष जिंकला. कार्यालयात फटाके, हार, मिठ्या. फोनताईलाही हार घातला. तो तिने जिन्यातच काढून माझ्या हातात दिला आणि वर गेली.

पुढचं सगळं त्या म्हाताऱ्या गृहस्थांना भीती होती तसंच झालं, कुलूपच आधी. आमच्या मागच्या गल्लीत बंद पडलेलं एक दुकान होतं, त्यावर केंद्राची निळी पाटी लागली. खाली शटर तसंच ओढलेलं. पाटीवर "लवकरच" हा शब्द. आणि त्याच आठवड्यात टेकडीवरच्या घराने माणसं नातेवाइकांकडे सोपवायला सुरुवात केली. फोनताईने अर्ज केले, विनवण्या केल्या. उत्तर एकच, "तुमची केंद्रं सुरू होताहेत ना, मग?"

मुलीला आता खरं सांगावंच लागलं. छतातून मला शब्द कळले नाहीत, पण मुलीचा आवाज चढत गेला आणि मग एकदम थांबला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"मावशी, मी बाळाला घेऊन जाऊ कुठे? नोकरी इथे. सरकारी पाळणाघर होतं, त्याच्याही वेळा कमी केल्यात, दुपारी बंद. दुपारी बाळ आईकडेच ठेवावं लागतं." मग हळूच म्हणाली, "तुमचं लक्ष असू द्या. काही आवाज आला तर..."

पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही आणि मलाही ते ऐकायचं नव्हतं.

दादा आला. एक पेटी आणि स्वतः विणलेली एक खुर्ची घेऊन. फोनताईने पूर्ण वेळेची नोकरी सोडली, सकाळचे दोन-तीन तास तेवढी जायची. तो येण्याआधी तिने आतल्या सगळ्या कड्या काढून घेतल्या. सुऱ्या माझ्याकडे आणून ठेवल्या, भाजी चिरायची असली की खाली यायची. काड्यापेट्या लपवल्या. त्या दिवसापासून मीही वरच्या पावलांचा कानोसा घेत शिवू लागले. जड, सावकाश पावलं. थांबली की माझं मशीनही थांबायचं.

आठवड्याभराने चहा घेताना तो तिला म्हणाला, "काड्या पिठाच्या डब्यात ठेवल्यास ना? तिथे नको. पीठ काढताना पाण्याचा हात लागेल."

ती हे मला सांगताना हसली, आणि हसता हसता तिचे दात वाजू लागले.

आता वाटेल, की बाई उगाच घाबरत होती. मलाही तसंच वाटू लागलं होतं. दादा बाळाला मांडीवर घेऊन घोडा घोडा करायचा. जिन्यात भेटला की मला वाट करून द्यायचा. पण गोळ्या आता मोठ्या इस्पितळातून आणाव्या लागत. तिथे आधी रक्त तपासायचं, मगच गोळ्या. आणि रक्त तपासणारी माणसंही कमी केलेली. एकदा ती दोघं पहाटेपासून रांगेत उभी राहिली आणि नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली. पुढच्या खेपेला यंत्र बिघडलेलं. गोळ्या संपल्या. तिने सगळ्या दुकानांत विचारलं, रक्त तपासल्याच्या चिठ्ठीवाचून कुणी देईना. निळ्या पाटीखालचं शटर तिने हातांनी बडवलं. आत कुणी असणार नाही हे माहीत असून बडवलं.

वरची पावलं बदलली. आता ती थांबतच नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा परत.

त्या दुपारी मी बाही जोडत होते. वर काहीतरी जड फरफटल्याचा आवाज आला. मग अनवाणी पावलं जिन्यावरून धावत आली. दारात फोनताई.

"त्याने मला बाहेर काढलं. दाराला आतून कपाट लावलंय. वहिनी, बाळ आत आहे."

माझ्या हातातून कात्री पडली.

ती तुटक तुटक बोलत होती. ती ताट वाढत असताना दादा तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू विचारलं, "तिचा आवाज तू कुठून आणलास?" ती म्हणाली, "दादा, मीच आहे." त्याने मान हलवली, दंडाला धरून तिला दाराबाहेर उभं केलं. मारलं नाही, ढकललंसुद्धा नाही. एखाद्या परक्या बाईला घालवावं तसं घालवलं.

"पोलिसांना बोलावू या," मी म्हटलं.

"नको! दार तोडायला लागले तर तो काय करेल? त्या वेळी मी दार तोडलं तेव्हा—" ती थांबली. आम्हा दोघींनाही एकाच वेळी वास आला होता. खिडकीतून, वरून. काहीतरी जळत होतं.

मी आयुष्यात पुष्कळ भ्याले आहे, पण त्या क्षणासारखी नाही. फोनताई मात्र एकदम माझ्या फोनकडे वळली आणि आपल्याच घरचा नंबर फिरवला.

टेकडीवरच्या घरात दादा होता तेव्हा ती कामावरून रोज दुपारी त्याला फोन करायची. त्याला तिचा चेहरा आठवड्यातून एकदा दिसायचा, आवाज मात्र रोज भेटायचा.

वर घंटी वाजलेली मला छतातून ऐकू आली. पावलं थांबली. फोन उचलला गेला. मी कान तिच्या कानाला चिकटवला.

"दादा, मी बोलतेय."

"तू होय!" त्याचा आवाज सुटकेने भरून आला. "अगं कुठे आहेस? घरात कुणीतरी बाई शिरली होती. हुबेहूब तुझ्यासारखी. मी तिला बाहेर काढलं. तू लवकर ये."

फोनताईने डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज कार्यालयातल्यासारखा, लोण्यासारखा. "छान केलंस. बाळ कुठे आहे?"

"माझ्याजवळ आहे. भुकेला होता. दूध तापत ठेवलंय."

"दादा, दूध उतू गेलंय बघ. आधी गॅस बंद कर. फोन ठेवू नकोस, बाजूला ठेव. मी आहे."

पावलं गेली. मग पावलं परत आली. "केला बंद. भांडं करपलं गं. रागावू नकोस."

"नाही रागावणार. आता बाळाला दुधाऐवजी पाणी दे वाटीने. आणि मला सांग, तो काय करतोय."

ती बोलत राहिली. लहानपणच्या घरातली मांजर, वडिलांची सायकल, कुठल्या झाडावरून कोण पडलं. बोलता बोलता तिने माझ्या खडूने कापडावर सिस्टरचा नंबर लिहिला. टेकडीवरचं घर बंद झाल्यावर सिस्टर कपड्यांच्या दुकानात लागली होती. मी शेजाऱ्यांच्या फोनवरून तिला कळवलं. ती गिऱ्हाईक तसंच टाकून निघाली. ती येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. वर बाळ एकदा रडलं तेव्हा फोनताईने माझी साडी मुठीत धरली, पण आवाजात कंप येऊ दिला नाही.

"दादा, सिस्टर आलीय बरं का. तिला दार उघडशील?"

"आणि ती बाई?"

"ती दाराशी नाही. मी शब्द देते."

सिस्टर जिना चढली. "राजे, दार उघडा, किती वेळ उभं करता?" कपाट फरफटलं. दार उघडलं. काही वेळाने बाळ सिस्टरच्या कडेवर होतं. तोंड ओलं, हातात चमचा, धडधाकट. फोनताई फोन हातात धरूनच खाली बसली. बाळ मांडीवर आलं तरी तिच्या बोटांतून फोन सुटेना. तो मी सोडवला.

सिस्टरबरोबर दादा मुकाट्याने मोठ्या इस्पितळात गेला. तिथे जागा नव्हती. कॉरिडॉरमध्ये खाट, सुरुवातीला हात पट्टीने बांधलेले. शेजारी रात्रंदिवस एक पहारेकरी बसवलेला. तो खर्च कुठल्या खात्यातून होत होता कोण जाणे.

दादा जरा सावरल्यावर फोनताई कार्यालयात अर्थतज्ज्ञांना भेटायला गेली. मला बरोबर नेलं, एकटीचा धीर होईना. तिने सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी म्हटलंच आहे, माणूस वाईट नव्हता.

"अहो, तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर काय बदललं असतं, साहेब?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि समोरचा हिशेबाचा कागद पुढे ओढला. मग जणू स्वतःलाच म्हणाले, "पण तूट खरंच कमी झालीय."

"कमी कुठे झालीय?" ती म्हणाली. आवाज फोनवरचा नव्हता, पालीला बघून निघतो तसा कापरा होता. "माझ्या घरी आलीय ती."

त्यांनी कुणाला तरी फोन करतो असं सांगितलं. केलाही असेल. पण त्याच सुमारास बंद शटरच्या पायऱ्यांवर रोज सकाळी काही माणसं येऊन बसू लागली होती. कुणाचा मुलगा, कुणाची बायको टेकडीवरून घरी आलेली. फोनताई जाऊन बसू लागली, मग मीही. तिथे एक वाकलेले गृहस्थ होते. फोनताई कुणाशी तरी बोलत होती, तर ते काठी टेकत तिच्यासमोर आले. "हा आवाज ओळखीचा आहे. तुम्ही 'विचारून सांगते' म्हणाला होतात." तिने त्यांच्या पायाला हात लावला. ते म्हणाले, "असू दे. आता दोघं मिळून विचारू."

शटर वर गेलं. साहेबांच्या त्या फोनमुळे की पायऱ्यांवरच्या माणसांमुळे, ते मी सांगू शकत नाही. आठवड्यातून दोन सकाळी रक्त तपासतात, गोळ्या मिळतात. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे नेमणूक सिस्टरची झाली, तीही तात्पुरती. दर काही महिन्यांनी ती वाढवून घ्यावी लागते.

दादा घरी आहे. पुन्हा तसाच, शांत. त्या दुपारचं त्याला अर्धवट आठवतं. एकदा त्याने मला जिन्यात गाठून विचारलं, "वहिनी, मी बाळाला काही केलं नव्हतं ना?" मी म्हटलं, "दूध तापवलं होतंत." तो कितीतरी वेळ तिथेच कठडा धरून उभा होता. फोनताईची मुलगी आता त्याच्याशी बोलते, पण बाळाला त्याच्याजवळ एकटं सोडत नाही. सुऱ्या अजून माझ्याकडेच आहेत.

परवा रेडिओवर सरकार सांगत होतं, की तूट बुजवण्याचा दुसरा टप्पा लवकरच सुरू होईल, आणि त्यातही कुणाला दुखवलं जाणार नाही. फोनताईने रेडिओ बंद केला नाही. उभी राहून शेवटपर्यंत ऐकला.

आज मंगळवार, गोळ्यांचा दिवस. आम्ही तिघं केंद्राच्या पायऱ्यांवर बसलो आहोत. शटर अर्धवट उघडं आहे आणि सिस्टरचा पत्ता नाही. बस चुकली असेल, मी म्हणते. दादा पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघतोय. फोनताई रस्त्याच्या वळणाकडे डोळे लावून बसली आहे, आणि मांडीखाली दाबलेले तिचे हात मला दिसताहेत.